हाड जुळलं, एक्स-रे नॉर्मल, तरी पंजाची आग थांबत नाही. कुणाला दाखवावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. तो नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर. गणपतीच्या आधी मशीनची डाय (साचा) बदलताना उजवा पंजा सापडला. बोटं शाबूत राहिली हे नशीब. करंगळीच्या बाजूच्या तळहाताच्या हाडाला तडा गेला होता. प्लास्टर घातलं, नवरात्राच्या सुमारास काढलं. हाड छान जुळलंय, आता हात हलवायला लागा, असं डॉक्टर म्हणाले.

खरा त्रास तिथून सुरू झाला. मार करंगळीकडे बसला होता, आता मनगटापर्यंत अख्ख्या पंजाची आग होते. शर्टाची बाही टेकलेली सहन होत नाही म्हणून कापून घेतलीय. रात्री पंखा लावू देत नाही, वारा हाताला बोचतो म्हणतो. हात कधी लालबुंद नि गरम, तर कधी जांभळट नि गार. घामही त्याच हाताला जास्त. परवा नखं कापून द्यायला बसले तर त्या हाताची नखं जाड आणि खडबडीत झालेली दिसली. मी हात धरायच्या आधीच त्याने तो मागे घेतला. मूठ वळत नाही. चमच्याने डाव्या हाताने जेवतो, आणि चारचौघांत तसं जेवायला नको म्हणून मावसबहिणीच्या लग्नालाही आला नाही.

एक्स-रे पुन्हा काढला, एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी तर त्याच्यासमोरच सांगितलं की हे मनाचं आहे, कामावर जायचं नसेल. सुपरवायझर फोन करून तेच ऐकवतो. पावसात, तापात कधी खाडा न करणारा पोरगा आहे हो तो. आता दुखतंय हे सांगायचंच बंद केलंय त्याने.

कोणत्या तज्ज्ञाकडे न्यावं? कोणती तपासणी राहिलीय? आई हाडवैद्याकडे मालिशला नेऊ म्हणतेय, न्यावं का?

ठाणेकर७

मालिशला अजिबात नेऊ नका. माझ्या वहिनीचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघाल्यावर अगदी हेच, नखांसकट. निदान झालं सीआरपीएस. ते एका पेन क्लिनिकमध्ये झालं, ऑर्थोकडे नाही. वहिनी आता पोळ्या लाटते, पण वर्ष गेलं त्यात.

हातफिजिओ

ताई, मी हाताच्या दुखापतींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. न बघता निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमची, म्हणजे वर आलेल्या सीआरपीएसचीच, शंका घ्यायलाच हवी. कुणी आरएसडी किंवा सुडेक असं लिहिलं तर आजार तोच, नावं जुनी.

हा आजार पकडणारी एक अशी कोणतीही तपासणी नाही. एक्स-रे, एमआरआय नॉर्मल असू शकतात. नसांच्या तपासणीत जाड तंतू कळतात, वेदना वाहणारे बारीक तंतू त्यात दिसत नाहीत. निदान होतं ते डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी ठेवून नीट बघितल्यावर. त्याचे निकष ठरलेले आहेत, बुडापेस्ट निकष म्हणतात. मूळ दुखापतीच्या मानाने वेदना फार जास्त हवी. मग चार गट बघतात: स्पर्श नकोसा होणं, रंग किंवा तापमानात फरक, सूज किंवा घामात फरक, आणि हालचाल, नखं, केस यांतले बदल. यांपैकी तीन गटांतली तक्रार पेशंटने सांगायला हवी आणि किमान दोन गटांतली लक्षणं डॉक्टरांना त्या वेळी दिसायला हवीत. शिवाय दुसऱ्या कशाने हे नीट समजावता येत नाही, याची खात्री हवी. तुमच्या पोस्टमध्ये चारही गट आलेत, आणि ते कुठल्या मशीनवर नाही, नखं कापताना तुम्हाला दिसले.

रंग आणि तापमान दिवसभरात बदलतं. नेमकं डॉक्टरांपुढे हात बरा दिसायचा. म्हणून आजपासून दोन्ही हात एकाच उजेडात शेजारी ठेवून फोटो काढा, तारीख-वेळेसह. आग कशाने वाढते तेही लिहून ठेवा.

मालीश, ओढून मूठ वळवणं, बर्फाचा शेक, तिन्ही नको. हात झोळीत अडकवून ठेवणंही नको, न वापरल्याने आजार घट्ट बसतो. आमच्याकडे सुरुवात अगदी हळू होते. आधी कापसाचा, मग रेशमी कापडाचा, मग टॉवेलचा स्पर्श, पुढे परातीतल्या कोरड्या तांदळात हात फिरवणं. दुखरा हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत हालचाली करायच्या, हाही उपचाराचाच भाग आहे. हे सगळं कुणाच्या तरी देखरेखीखालीच.

आणि मनाचं आहे म्हणून सोडून देणं चूक आहे. शरीराची वेदनेची यंत्रणाच बिघडलेली असते. झोप उडते, माणूस खचतो, तो त्या वेदनेचा परिणाम.

निशिगंध

भूलतज्ज्ञ म्हणून पुस्ती जोडतो. सीआरपीएसचं नाव ऐकल्यावर तेच धरून बसू नका. नजरेतून सुटलेलं बारीक फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, शिरेतली गुठळी, नस दबणं किंवा नसेवर आलेली गाठ, मानेतून येणारी कळ, हे वगळलेलं असायला हवं. ताप आला किंवा सूज एकदम वाढली तर थांबू नका, तातडीने दाखवा.

तज्ज्ञ म्हणाल तर पेन फिजिशियन (बहुतेक भूलतज्ज्ञच असतात) किंवा पुनर्वसनशास्त्राचे, म्हणजे पीएमआरचे डॉक्टर. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे पीएमआरचे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी एकाच आवारात मिळतात. तुमच्या केसमध्ये मी तिथूनच सुरुवात करेन. गोळ्यांनी हात हलवण्याइतपत आराम पडला नाही तर मानेजवळच्या नसांच्या गुच्छाला बधिर करणारं इंजेक्शन, स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉक, देतात, म्हणजे पुढची फिजिओथेरपी सहन होते.

सध्या काही औषध चालू आहे का?

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला दोन्ही हातांचा फोटो काढ. फरक स्पष्ट दिसतोय.

नसांच्या वेदनेवरची प्रेगाबालिन गोळी चालू आहे. गुंगी येते म्हणून मध्येच बंद करतो.

निशिगंध

स्वतःहून एकदम बंद करू नका. डोस आणि वेळ बदलून गुंगी कमी करता येते, डॉक्टरांना तसं सांगा. आणि ती गोळी घेऊन प्रेससमोर उभं राहायचं नाही, हे सुपरवायझरला लेखी कळवा.

सातपूर_जुना

मी युनियनचं काम करायचो, म्हणून कागदांचं विचारतो. पोराचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहे ना? अपघाताचा रिपोर्ट, फॉर्म १२, गेला का?

गोदाकाठ

पगारातून ईएसआय कापतात. पण ठेकेदाराने त्याला खाजगी हॉस्पिटलात नेलं, बिल भरलं आणि म्हणाला अपघाताचं कुठे लिहू नका, आम्ही बघून घेऊ. आता पगार बंद आहे.

सातपूर_जुना

वाटलंच होतं. बिल भरलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. कंत्राटी कामगारालाही ईएसआयचं पूर्ण संरक्षण आहे, आणि कामावरच्या अपघाताला किती महिने हप्ते भरले हे बघत नाहीत. अपघाताची सूचना कामगार स्वतः देऊ शकतो, त्याच्या वतीने तुम्हीही देऊ शकता. तारीख, वेळ, मशीन आणि शेजारी कोण होतं, एवढं साध्या मराठीत लिहा. एक प्रत ठेकेदाराला, एक मूळ कंपनीला, एक ईएसआयच्या शाखा कार्यालयात. समक्ष देऊन पोच घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

खाजगी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर प्रेसमध्ये हात सापडला असं लिहिलेलं असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. त्या दिवशीच्या हजेरीचा फोटो एखाद्या सोबत्याकडून मिळाला तर उत्तम.

मग ईएसआयच्या दवाखान्यात दाखवा. अपघातामुळे तो कामाला अयोग्य आहे असं तिथल्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं आणि तो कामावरचा अपघात म्हणून मंजूर झाला, तर मजुरीच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. मोठ्या हॉस्पिटलला जायचं रेफरलही तिथूनच मागा. पुढे हातात कायमचं अधूपण राहिलंच तर मेडिकल बोर्ड असतो, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर अपील. बोर्डासमोर नुसतं ‘हात दुखतो’ टिकत नाही. निदानाचं नाव आणि डॉक्टरांनी नोंदवलेली लक्षणं कागदावर हवीत, म्हणून हाजीअलीला जाल तेव्हा तपासणीत काय दिसलं ते लिहून मागा.

गोदाकाठ

डिस्चार्ज कार्ड सापडलं. ‘हँड कॉट इन पॉवर प्रेस’ असंच लिहिलंय! उद्याच अर्ज लिहिते. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालो तर हाजीअलीची ओपीडी मिळेल का?

ठाणेकर७

पंचवटी दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात, नंबर लावायला उशीर होईल. आदल्या रात्री आमच्याकडे ठाण्याला उतरा, संकोच करू नका. सकाळी लवकर दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं, तिथून टॅक्सी. लोकलमध्ये त्याला उजवीकडे भिंतीशी बसवा, हाताला कुणाचा धक्का लागणार नाही. सगळे रिपोर्ट, एमआरआयची सीडी आणि फोटो घ्यायला विसरू नका. नंबर मेसेज केलाय.