कॉन्फॉर्मन्स टेस्ट (बॉक्स स्टँडर्डप्रमाणे वागतो का ते बघणारी) पास, तरी कॉल लागत नाही. मग या टेस्ट लिहायच्या कशाला?

तारतुटकी:
गेला आठवडा एका सिप (इंटरनेटवरून कॉल जोडायचा प्रोटोकॉल) टेस्टने खाल्ला. आमचा बॉक्स मेसेज बरोबर पाठवतोय तरी टेस्ट फेल, का तर लिहिणाऱ्याने अख्खा मेसेज स्ट्रिंग म्हणून कंपेअर केलाय आणि आमचा कॉल-आयडी हेडर (मेसेजच्या सुरुवातीच्या माहितीतली एक ओळ) जरा खाली येतो. सिपच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे आरएफसी ३२६१ मध्ये, सरळ लिहिलंय की वेगवेगळ्या नावांच्या हेडरांच्या क्रमाला काही अर्थ नाही! शेवटी सर्टिफिकेटसाठी आम्हीच कोड बदलला. त्यापेक्षा चार कंपन्यांचे बॉक्स एका खोलीत आणून जोडा ना, एट्सी ही युरोपियन स्टँडर्ड संस्था अशा प्लगटेस्ट घेतेच की.

मुका_टेस्टर:
एक टेस्ट चुकीची म्हणून सगळ्याच नकोत? त्या खोलीत गप्प कोण बसणार ते सांगा. यूडीपीवर (यात मेसेज पोचायची हमी नसते) इन्व्हाइट, म्हणजे कॉलची विनंती, गेला आणि समोरून काहीच आलं नाही तर अर्ध्या सेकंदाने परत, मग १, २, ४, असं अंतर दुप्पट करत एकूण ७ वेळा पाठवायचा आणि ३२ सेकंद झाले की नाद सोडायचा. डिफॉल्ट टायमर असेच आहेत. हे बघायला मुद्दाम मुका बसणारा टेस्टर लागतो. धड चालणारा बॉक्स लगेच '१०० ट्राइंग' (मिळालं, बघतोय) पाठवून मोकळा होतो, मग तुमचा टायमर बिघडलाय हे कळतं थेट लाइव्ह नेटवर्कवर, तेही रात्री दोनला.

तारतुटकी:
टायमरचं मान्य. पण बाकी काय, स्टँडर्डमध्ये 'शॅल' (केलंच पाहिजे) दिसला की पाड एक टेस्ट. ऑप्शनल फीचर एकाने घेतलं, दुसऱ्याने नाही, दोघंही पास आणि एकमेकांशी अबोला.

कलमकसाई:
कोणी काय घेतलंय ते सांगायला पिक्सचा फॉर्म असतो. (भरतो कोण हा वेगळा विषय, मी तर सगळीकडे 'हो' टिकलेले पाहिलेत.) पण दोघांचंही एक राहतंय. टीटीसीएन-३ या टेस्ट लिहायच्या भाषेत टेम्प्लेट (अपेक्षित मेसेजचा साचा) लिहायला बसलं की या फील्डला नक्की व्हॅल्यू द्यायची की काहीही चालेल, हे ठरवावंच लागतं, आणि तिथेच कळतं की स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी ते ठरवलेलंच नाही. निम्म्या कामाच्या त्रुटी मला टेस्ट चालवण्याआधीच सापडल्यात. तारतुटकी, त्या हेडरच्या टेस्टवर चेंज रिक्वेस्ट (टेस्ट दुरुस्त करा अशी मागणी) टाकली का?

तारतुटकी:
नाही. कोड बदलणं सोपं पडलं.

मुका_टेस्टर:
म्हणजे पुढचाही तिथेच आपटणार.

तारतुटकी:
बरं बाबा, रिक्वेस्टसाठी लॉग शोधतोय.