'सक्तीचे उपचार' की आणखी काही?

गोदाकाठ:
सिडकोतल्या आमच्या महिला मंडळासाठी दारूच्या व्यसनावर पत्रक लिहितेय. माणूस तयार नसताना त्याला दवाखान्यात ठेवणं, याला शब्द हवाय. कोशात 'अनैच्छिक' मिळाला. 'अनैच्छिक दाखला' लिहिलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "कसला दाखला, जातीचा का?"

तपोवन:
'अनैच्छिक' नकोच. शाळेतले अनैच्छिक स्नायू आठवा: हृदय, आतडी. तिथे इच्छेचा प्रश्नच येत नाही. इथे इच्छा आहे आणि ती नेमकी उलट आहे. 'सक्तीचे उपचार' म्हणा. फारसी 'सख्त'वरून आलेला शब्द. सक्तमजुरीत आहे तसा सक्तीच्या शिक्षणातही आहे, म्हणजे नुसता वाईटच असंही नाही.

सातपूर:
कायदा मात्र हा शब्द टाळतो. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ आणि १९८७ च्या कायद्यांत 'रिसेप्शन ऑर्डर' होती, म्हणजे दाखल करून ठेवण्याचा आदेश (लग्नाचं रिसेप्शन नव्हे!). २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात कलम ८९ ला 'सपोर्टेड ॲडमिशन' म्हटलंय, म्हणजे आधाराने दाखल होणं. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाला निर्णयात आधार द्यायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, त्यापुढे कलम ९०.

तपोवन:
आधार! हातपाय धरून गाडीत घातलेल्याला हा शब्द सांगून बघा.

गोदाकाठ:
पण दारूला हे लागू होतं का?

सातपूर:
मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. पण 'रोज पितो' एवढ्यावर कलम ८९ लागत नाही. आजार गंभीर हवा, त्यातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका हवा, नाहीतर स्वतःची काळजी घेता येत नाही अशी अवस्था हवी.

द्राक्षबाग:
आमच्या पिंपळगावाकडे याला 'उचलून नेणं' म्हणतात. माझ्या भावाला तसंच नेलं. वहिनीने एका केंद्राला फोन केला, पहाटे चौघं गाडी घेऊन आले. डॉक्टर नाही, तपासणी नाही, कागद एकच, फीच्या पावतीचा. सहा वर्षं झाली, दारू सुटलीय त्याची. पण 'दाखल झालो होतो' असं तो कधी म्हणत नाही, 'मला उचललं' म्हणतो. नो पार्किंगमधली गाडी उचलतात ना, तसं.

गोदाकाठ:
वाचून गप्पच झाले. 'संमतीविना उपचार' कसं वाटतं?

सातपूर:
जवळचं आहे, पण पूर्ण बसत नाही. रुग्णाला निर्णय घेताच येत नसेल तर प्रतिनिधी तात्पुरती संमती देतो, आणि रुग्णाची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची असते. म्हणजे संमती असते, फक्त दुसऱ्याची. आणि या प्रतिनिधीला 'नॉमिनी' लिहू नका, काकू बँकेतला वारस समजतील.

तपोवन:
मग शब्द सोडा, वाक्यच लिहा.

गोदाकाठ:
तेच करते. 'प्रतिनिधीच्या अर्जावरून, तपासणीनंतर दाखल करणे.' आणि सर्वांत खाली: 'गाडी पाठवून उचलून नेणे म्हणजे हे नव्हे.'

द्राक्षबाग:
ती खालची ओळ वर घ्या.