जिप्सी किंग १९९८: कार्ब ठेवू का एमपीएफआय बसवू?

घाटवाट_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी, माझ्याकडं १९९८ ची जिप्सी किंग आहे, १३०० सीसीचं आठ व्हॉल्व्हचं कार्बवालं (कार्ब्युरेटरवालं) इंजिन. गाडी विकून दुसरी घे असं कृपया कुणी सांगू नका, ते होणार नाही. पावसाळ्यात आजरा-चंदगडकडच्या लाल मातीच्या वाटांवर फिरवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात स्पितीला न्यायचीय. त्रास असा की लो-फोरमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या हळू गिअरमध्ये) खडा चढ लागला की इंजिन गुदमरतं, एका बाजूला जास्त कलली की पेट्रोलचा वास येऊन बंदच पडते, मग सपाटीला घेऊन बराच सेल्फ मारला की काळा धूर सोडत चालू होते. एक मेकॅनिक म्हणतोय २००० नंतरच्या जिप्सीचं एमपीएफआय इंजिन टाक, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्टरने पेट्रोल मारणारं, मित्र म्हणतात कार्ब रस्त्यात पान्या-स्क्रूड्रायव्हरवर दुरुस्त होतो, सेन्सर गेला तर जंगलात काय करणार. दोन्ही पटतं म्हणून अडकलोय. ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी सांगा की.

गॅरेजकाका_सातारा:
भावा, इंजिन बदलायचा खर्च करायच्या आधी कार्ब खोल. तू जी लक्षणं सांगतोस ती ओव्हरफ्लोची आहेत. कार्बच्या वाटीत पेट्रोलची पातळी फ्लोट आणि निडल मिळून राखतात, गाडी कलली की वाटीतलं पेट्रोलही कलतं, पातळी मुळात वर असेल तर ते नोझलमधून आपोआप इंजिनात सांडतं आणि प्लग भिजतात. निडलच्या टोकाला चर पडलीय का बघ, फ्लोट हलवून त्यात पेट्रोल शिरलंय का बघ, मग लेव्हल सेट कर. आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बचे सील हे सगळं त्या इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं, ते मऊ पडून फुगतं नाहीतर तडकतं. नवे पाइप टाकच, यात काटकसर नको, गळकं पेट्रोल आणि गरम सायलेन्सर शेजारी शेजारी असतात.
पण हेही सांगतो, कितीही सेट केला तरी वाटीचा कार्ब फार कललेल्या गाडीत अडणारच, त्याचं कामच पातळीवर चालतं.

लालमाती४बाय४:
काकांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मी आधी कार्बवाली चालवली, आता एमपीएफआय चालवतो, कार्बवालीत तुझ्यासारखाच त्रास व्हायचा. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाने सरळ इंजेक्टरपर्यंत येतं, साधारण ३ बार, त्यामुळे चढ असो की उतार इंजिनाला फरक पडत नाही. ताकदही कार्बच्या ६० बीएचपीवरून ८० वर जाते, पण ती वरच्या आरपीएमला जास्त जाणवते, दगडावरून रांगताना आठ व्हॉल्व्हचं इंजिन खालून चांगलंच ओढतं, ते कमी लेखू नकोस.
आता तोटा. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि गाडी कलली की पंप हवा ओढतो आणि इंजिन लगेच फडफडतं. कार्बच्या वाटीत थोडा साठा तरी असतो, इथे नसतो. म्हणून पाव टाकीच्या खाली जाऊन खडे चढ घेऊ नयेत. बॅटरी पूर्ण मेली तर नुसतं ढकलून चालू होत नाही, पंपाला आणि ईसीयूला (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंट लागतोच. पंपाचा जादा रिले आणि फ्यूज हत्यारांच्या डब्यात ठेव आणि ईसीयू खाली पायाशी असेल तर वर घे, ओढ्यात पाणी आत येतंच. पण तसं कार्बवालीचाही डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा) पाण्यात जातोच की, त्याची कॅप ओली झाली की तीही उभीच राहते.

माजीफौजी_नगर:
लडाखला युनिटमध्ये कार्बवाल्या जिप्सी होत्या, म्हणून स्पितीबद्दल सांगतो. स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीला साडेचार हजार मीटरच्या वर जावं लागतं, हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्याही खाली असतो. कार्बचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र तेवढंच राहतं, म्हणजे हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल जास्त, मिश्रण जाड होतं, प्लग काळे पडतात, पिकअप जातो. लहान मेन जेट बसवून काम भागतं, पण उतरताना परत बदलावं लागतं, नाहीतर खाली मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. इंजेक्शनचा ईसीयू हवेचा दाब मोजून पेट्रोल स्वतःच कमी करतो. ई२० चंही तसंच, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तेवढ्याच हवेला जास्त लागतं, ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तर ईसीयू जमवून घेतो, कार्बला जेट बदलावं लागू शकतं. ताकद दोन्हीची उंचावर पडते, हे लक्षात ठेवा. कार्ब मात्र आमच्या पोरांनी थंडीत हातमोजे काढून उघडून साफ केलेला आहे, तेवढा भरवसा अजून कुठल्या वायरिंगवर बसत नाही.

घाटवाट_कोल्हापूर:
काका, कार्ब खोलला, निडलला चर होती आणि पातळी वर होती. नवी निडल टाकून सेट केली, कलल्यावर वास बंद झाला, पण सगळ्यात खड्या चढावर अजून मिसिंग येतंय (इंजिन मध्येच ठोके चुकवतं). स्पितीचं आणि दरवर्षीच्या पावसाळ्याचं बघून मी एमपीएफआयकडे झुकलोय. काय काय घ्यावं लागेल?

गॅरेजकाका_सातारा:
एकाच गाडीचा पूर्ण सेट घे, तुकड्या-तुकड्याने नको. इंजिन, ईसीयू, वायरिंग, पेडल केबल, एअरबॉक्स आणि पंपासकट टाकी. तुझ्या गाडीतल्या यांत्रिक पंपाचा दाब त्या इंजिनला पुरणार नाही. पाइप आणि क्लॅम्प इंजेक्शनच्या दाबाचेच, साधा पाइप फुटला तर गाडी पेटते. इंजिन आणायच्या आधी आरटीओत जाऊन विचार, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नंबर चढला नाही तर फिटनेसला अडकशील. वायरिंग बसवणाऱ्याला स्कॅनर लावता येतो का ते आधी विचार, आणि जुना कार्ब विकू नकोस.


लालमाती४बाय४:
आणि जुनं इंजिनही झाकून ठेव, आठ व्हॉल्व्हचं चांगलं इंजिन आता सहज मिळत नाही.