रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी वनखात्याला अर्ज लिहायचाय, मदत हवी आहे

मंडळी,
राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची मी चिटणीस. परवा परळला सभा झाली आणि हा अर्ज माझ्या गळ्यात पडला. गावात भात, नाचणी, कणगीचे कंद, काही म्हणून ठेवत नाहीत डुकरं. राखणीला माळ्यावर बसायला घरटी एखादा म्हातारा, बाकी आम्ही सगळे इथे. म्हणून शेतं पडीक, पडीक जागेत रान माजतं, आणि डुकरांना दिवसा लपायची आयती सोय होते. (थोडक्यात, आम्ही चाकरमानीही या प्रश्नाचा भाग आहोत. सभेत हे बोलायची सोय नव्हती.)

मुलुंडकर सभासद म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमागे बिबटे फिरतात, आम्ही कुठे बंदूक मागतो?" त्यावर गावाहून आलेल्या काकांनी विचारलं, "बिबट्या तुमचा भात खातो काय?" विषय तिथेच संपला.

मग एकाने टूम काढली: हौशी शिकाऱ्यांना फी लावून बोलवा, पैसा गावाला आणि डुकरंही कमी. परदेशात चालतं म्हणे. चालतं, हे खरं. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजके परवाने दरवर्षी विकतात आणि ८० टक्के रक्कम स्थानिक लोकांना जाते. त्यामुळे लोकच त्या रानबकऱ्यांची राखण करू लागले, आणि २०१५ मध्ये मारखोर जागतिक यादीतल्या 'धोक्यात' या वर्गातून बाहेर आला. पण तिथे मारतात ते म्हातारे नर, म्हणजे संख्या वाढायला अडचण येत नाही. आपल्याला तर संख्या कमी करायचीय! सुळेवाला नर टिपून फोटो काढणारा पाहुणा आमच्या काय कामाचा? माद्या राहिल्या की एकेका वेतात चार-सहा पिल्लं आहेतच.

शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा. त्यात हौसेच्या शिकारीला जागाच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये (संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत) आहे, आणि उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मात्र मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. म्हणजे रात्र जागवणाऱ्याला ना मटण, ना पैसा. मग ठासणीची बंदूक घेऊन जाणार कोण?

परवानगी मिळत नाही तेव्हा गावात काय होतं, हे कोकणातल्यांना सांगायला नको. बांधाला तारेची फासकी लागते, आणि डुकराऐवजी त्यात बिबट्या अडकतो. डुकराची पिल्लं खाणारा तोच. म्हणून माझं मत असं झालंय की खात्याच्या देखरेखीखाली, ठरावीक संख्येत आणि ठरावीक महिन्यांत मारणं हे फासकीपेक्षा बरं. पण आकड्यांशिवाय नुसतं 'डुकरं मारू द्या' लिहिलं तर ती मागणी टिकणार नाही.

तर विचारायचंय ते असं. कोणाच्या गावाला अशी परवानगी प्रत्यक्षात मिळाली आहे का? गोळी कोणी घातली, खर्च कोणी केला? गावात डुकरं किती हे खातं मोजतं की आपणच काही नोंद द्यायची? सौरकुंपण पावसाळ्यात टिकतं का, की वेल चढून बंद पडतं? जुन्या अर्जाचा मजकूर असेल तर नावं काढून इथे टाका.

प्रतिसाद
ताई, आमच्याकडे (लांजा) पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्या वेळी नुकसानभरपाईच्या पंचनाम्यांच्या प्रती गट नंबरासकट जोडल्या, तेव्हा वनपाल येऊन पाहून गेले. ग्रामसभेचा ठराव जोडाच, मुंबई मंडळाच्या लेटरहेडला तिथे कोणी विचारत नाही. कुंपणाचं म्हणाल तर खालची तार आठवड्याला साफ करणारा माणूस हवा. माणूस आहे का ते आधी सांगा.

धागाकर्ती
धन्यवाद दादा. माणूस नाही, तीच तर अडचण. पगारी राखण्या ठेवला तर मंडळ वर्गणी काढेल असं वाटतं, विचारून बघते. पंचनामे मात्र फारच थोडे आहेत, कारण भरपाईसाठी अर्जच कोणी करत नाही. जुन्या नुकसानीचा आता काही पुरावा चालतो का? फोटो आहेत, व्हॉट्सॲपवर तारखेसकट.