टॅक्सी परवान्यांवरची मर्यादा उठली तर भरपाई कोणाला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अभ्यासगटात टॅक्सी परवान्यांच्या अर्थकारणावर बोलायचं आहे. टिपणं झाली आहेत, पण शेवटच्या प्रश्नाशी अडलो आहे.

मुख्य उदाहरण न्यूयॉर्कचं घेतलंय. तिथे १९३७ च्या हास कायद्याने पिवळ्या टॅक्सींची संख्या बांधून टाकली. गाडीच्या बॉनेटवर ठोकलेला धातूचा बिल्ला, म्हणजे मेडॅलियन, हाच परवाना. सुरुवातीला तो १० डॉलरला मिळायचा. पुढे शहर फोफावलं, पण १९९६ पर्यंत कित्येक दशकं बिल्ले ११,७८७ च राहिले, आणि २०१४ च्या सुमारास एकेका बिल्ल्याला १० लाख डॉलरच्या वर भाव आला.

हा भाव कुठून येतो ते कळतं. समजा पेट्रोल, गाडी आणि चालकाची मजुरी वजा जाता केवळ बिल्ला आहे म्हणून वर्षाला ५० हजार डॉलर जास्त सुटतात. ही कमाई दरवर्षी येतच राहणार असेल, तर ५ टक्के व्याजाने तिची आजची किंमत १० लाख होते (१० लाखांवर ५ टक्के म्हणजे ५० हजार). म्हणजे प्रवासी पुढे जे जादा पैसे मोजणार आहेत, ते विकणारा आजच खिशात घालून मोकळा होतो! विकत घेणाऱ्याच्या वाट्याला नेहमीचा परतावा आणि कर्जाचे हप्ते. ज्याच्याकडे बिल्लाच नाही तो बारा तासांच्या पाळीचे पैसे मालकाला आधी देतो, मग त्याची स्वतःची कमाई सुरू होते. पाळीच्या दरावर बंधन नसेल, तर भाडेवाढ झाली तरी ती बरीचशी मालकाकडेच जाते.

मग अ‍ॅपवाल्या गाड्या आल्या आणि २०१८ पर्यंत भाव २ लाखांच्या खाली घसरला. कर्जात बुडालेल्यांमध्ये बरेचसे स्थलांतरित चालक होते. त्या वर्षी काहींनी आत्महत्या केल्या. हे वाचल्यापासून मला हा विषय नुसत्या मागणी-पुरवठ्याचा वाटत नाही. २०२१ मध्ये चालकांच्या उपोषणानंतर कर्जं १,७०,००० डॉलरवर आणून त्यांना शहराने हमी देण्याचं ठरलं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली: भरपाई म्हणून पहिल्या परवान्याला १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, पुढच्या तिनांपर्यंत प्रत्येकी ५० हजार. आयर्लंडच्या सरकारने २००० मध्ये डब्लिनमधली मर्यादा उठवली आणि नंतर फक्त हलाखीत सापडलेल्यांचा विचार केला.

आता प्रश्न. भरपाई खरेदीच्या किमतीवर द्यावी, शिल्लक कर्जावर, की सरसकट? कर्ज काढून स्वतः गाडी चालवणाऱ्याला आधी मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण मग पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलेल्याने काय करायचं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद: अर्थतज्ज्ञ गॉर्डन टुलक यांचा 'ट्रान्झिशनल गेन्स ट्रॅप' हा १९७५ चा लेख जरूर वाचा. तुमचा पेच नेमका तोच आहे: फायदा पहिल्यांनी नेला, आणि मर्यादा उठवताना तोटा शेवटच्यांना. माझ्या मते भरपाई खरेदीच्या तारखेनुसार कमी-जास्त ठेवावी, कर्ज असो वा नसो. जुन्याने एवढ्या वर्षांत वसुली केलेली असते. आणि मांडणीत लंडन घ्याच. तिथे काळ्या टॅक्सींच्या संख्येला मर्यादा नाही. चेरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या परिघातले रस्ते पाठ करून 'नॉलेज' परीक्षा द्यावी लागते. तयारीत बहुतेकांची काही वर्षं जातात. अडथळा तिथेही आहे, पण परीक्षा कोणाला विकता येत नाही, म्हणून परवान्याला बाजारभावच चढत नाही.

धागाकर्ता: मनापासून आभार! तारखेचा मुद्दा पटला, तोच घेतो. लंडनवरून मात्र नवी शंका आली. अ‍ॅपमधल्या नकाशामुळे त्या पाठांतराचं मोल घटलं, तर चालकाची ती वर्षंही बुडीत गुंतवणूकच ना? विकता येत नाही एवढ्यावरून भरपाईचा हक्क जातो का? यावर कोणी लिहिलं असेल तर सांगा.