बॅटरीवाली की वायरवाली व्हिडिओ डोअरबेल (कॅमेरावाली बेल)?

वायरवाली घ्यायची तर आधी एक गोष्ट नक्की बघा, आपल्याकडे जुन्या बेलच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची लाइन आलेली असते आणि या डोअरबेल्स बहुतेक १६ ते २४ व्होल्टवर चालतात, अमेरिकेतले व्हिडिओ बघून तशीच जोडली तर जळणारच. आमचा इलेक्ट्रिशियन तेच करायला निघाला होता, मी बॉक्सवरचं वाचून दाखवलं तेव्हा थांबला. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर सरळ बॅटरीवाली घ्या. मी शेवटी तीच घेतली, आई दिवसभर घरी एकटी असते त्यामुळे मला तोडफोड न करता लगेच हवी होती.

बसवताना घाई करू नका. आधी डबल टेपने चिकटवून रात्री फोनवर बघा कसं दिसतंय. आमच्याकडे सेफ्टी डोअरची चौकट कॅमेऱ्याच्या अगदी कडेला येत होती, तिच्यावर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (अंधारात बघायला लागणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) आपटून सगळं पांढरंफटक, माणसाचा चेहराच दिसेना! चार बोटं बाहेर सरकवली आणि झालं. उंची साधारण चार फूट ठेवा. वायफाय बहुतेकींना २.४ गिगाहर्ट्झचंच चालतं आणि लाइट गेली की राउटर बंद, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावाच.

आणि समोरच्यांचं दार फ्रेममध्ये येत असेल तर त्यांना आधी विचारा, अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी झोन असेल तर तेवढा भाग झाकता येतो. आम्ही काकूंना फोनवर दाखवलंच, मग त्याही निश्चिंत झाल्या.