हार्ट फेल्युअर, सुजलेले पाय आणि इन्सुलिन : डोस वाढवावा का?

शाहूपुरीकर: बाबा 66 वर्षांचे, हार्टचं पंपिंग 30 टक्के. टॉर्सेमाइड (लघवी वाढवणारी गोळी), मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) चालू आहे. शुगरला जुनीच गोळी (ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पिओग्लिटाझोन एकत्र) आणि 30/70 इन्सुलिन, सकाळी 20, रात्री 14. आठवड्यात वजन अडीच किलो वाढलंय, पावलं सुजलीत. पहाटे घामाघूम होतात, तरी उपाशीपोटी 190. इन्सुलिन वाढवू का?

पंचगंगा: इन्सुलिनचं नंतर. आधी ती गोळी. पिओग्लिटाझोनमुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते टाळतात. एकत्र गोळीत ते नजरेतून सुटतं. स्ट्रिपवर नावापुढं बऱ्याचदा ‘पी’ असतो, तो बघा. आजच हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, वाढलेलं वजनही सांगा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तरी कळवायचं असतं, तुम्ही आठवडा घालवलाय. इन्सुलिननंही थोडं मीठ साठतं, पण ते मनानं बंद करू नका.

रंकाळा_काठ: पहाटेच्या घामाचं बघा. मेटोप्रोलॉलमुळे शुगर उतरल्यावरची धडधड, थरथर दबते. घाम दबत नाही. दोन रात्री 3 वाजता मोजा. 70 च्या खाली आली तर अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर, 15 मिनिटांनी पुन्हा मोजणी. पेढा नको, त्यातल्या तुपानं साखर उशिरा चढते. तिथं शुगर उतरत असेल तर रात्रीचा डोस वाढवणं उलटंच पडेल. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा : मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. पोटाच्या सुजलेल्या कातडीत टोचलं तर कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. शुगर ठीक असूनही घाम आणि दम असेल तर वाट बघू नका, 108.

कसबा_बावडा: डॉक्टरांना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) 10 मिलिग्रॅमबद्दल विचारा. शुगर उतरवण्यापेक्षा हार्टसाठीच त्याचा उपयोग मोठा. मात्र सुरू करताना टॉर्सेमाइड, इन्सुलिनचे डोस पुन्हा ठरवावे लागतात. उलट्या, जुलाब, उपास असेल तेव्हा बंद. ऑपरेशनआधी तीन दिवस बंद, नाहीतर शुगर 200 असतानाही कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारे घटक) वाढतात. लघवीच्या जागी खाज, बुरशी होते, स्वच्छता ठेवा.

आणि कोल्हापुरी तांबडा-पांढरा? डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर रस्सा दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरा, मीठ तर त्यात असतंच. शहाळंही विचारूनच, काही हार्टच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं.